पडद्यापलीकडून आलेले किडे

तिला सगळे थोरली म्हणत. घरात दोन जावा, त्यांतली ही मोठी, म्हणून थोरली. हाक सुरू झाली ती सासरच्या घरात, पण पुढे ती आडनावासारखी चिकटली. फुलांच्या दुकानातले लोकसुद्धा सकाळी एकमेकांना विचारत, "थोरलीचे गुलाब आले का?"

लग्नाआधी ती शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. शिवून झालेले शर्ट तिच्या टेबलावर यायचे आणि ती प्रत्येक शर्ट आधी उलटा करायची. टाका कुठे सुटलाय, दोरा कुठे ओढला गेलाय, काजं कुठे घाईत उरकलीत, हे तिच्या बोटांना डोळ्यांच्याही आधी कळायचं. शिवणारे तिला वचकून असत. कारखाना सुटला, पण उलटं करून बघायची सवय काही सुटली नाही. दूध घेताना ती आधी वास घ्यायची. दाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायची. कुणी रस्त्यात "कशा आहात?" म्हणालं की तिच्या तोंडून पटकन निघायचं, "का? काय झालं?"

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे तिचा नवरा. तो मुळातच कमी बोलणारा. काचा बसवणं, पाण्याच्या नळ्या जोडणं, मोडलेलं काहीबाही दुरुस्त करणं यात त्याचा दिवस जायचा. विचारलं तर "हो" किंवा "बघतो" म्हणायचा. अशा माणसाला उलटं करून बघायचं तरी काय, असं तिला वाटायचं.

काचघर सासऱ्यांनी उभं केलेलं. लांबलचक, वर उतरतं छप्पर, आत गुलाबांच्या ओळी. म्हातारपणी सासऱ्यांनी स्वतःच त्याच्या मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा लावला आणि दोन मुलांना दोन बाजू दिल्या. भांडण व्हायची वाटच बघायची कशाला, हा त्यांचा विचार. पडदा दुधी रंगाचा. पलीकडचं माणूस त्यातून नुसत्या सावलीसारखं दिसायचं, पण कात्रीचा आवाज मात्र स्पष्ट यायचा. उगवतीची बाजू धाकट्या मुलाला मिळाली, म्हणजे धाकटीला. सकाळचं ऊन आधी तिकडे. थोरली त्यावर काही बोलली नाही, पण विसरलीही नाही.

मग काळ्या गुलाबाचं प्रकरण झालं. खरा काळा नव्हता तो, गडद लाल. पण कळी मिटलेली असताना काळाच वाटायचा. सासऱ्यांनी स्वतः वाढवलेलं ते एकच झाड होतं आणि जाण्याआधी त्यांनी ते थोरलीच्या हवाली केलं होतं. "हे तुझ्याकडे ठेव. तुझ्याकडून काही हरवत नाही," असं म्हणाले होते. वर्ष-दीड वर्षात तोच गुलाब पडद्यापलीकडे फुलला. दुधी प्लास्टिकमधून तिला एक गडद डाग दिसला, आणि दुसऱ्या दिवशी फुलांच्या दुकानात धाकटीच्या बादलीत तीच फुलं दिसली. तिनं फांदी चोरली, याबद्दल थोरलीच्या मनात तीळभर शंका नव्हती. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. पुढे धाकटा दीर आजारपणात गेला. थोरली पंधरवडाभर तिकडे जाऊन स्वयंपाक करून आली, भांडी घासून आली, पण बोलली ती कामापुरतंच.

त्यानंतर काही वर्षांनी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, गुलाबांवर मावा पडला.

मावा पूर्वीही पडायचा. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे बारीक किडे दाटीवाटीनं बसतात, रस शोषतात, पानं आक्रसतात, कळ्या वेड्यावाकड्या होतात. पण त्या वर्षी तो हटेना. औषधवाल्याकडून आणलेलं औषध फवारलं की चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा जैसे थे. वर मुंग्या. माव्याच्या अंगातून जो चिकट गोड रस पाझरतो, तो मुंग्या चाटतात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. फांदीला हात लावला की मुंग्या बोटांवर धावून यायच्या.

"मागच्यापेक्षा जहाल देतो," औषधवाला म्हणाला.

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात," थोरली म्हणाली. "पलीकडे काय देता?"

"त्या बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

हे ऐकून थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. धाकटी औषध नेत नाही, आणि तरी तिच्या कळ्या दुकानात सरळ, तुकतुकीत दिसतात. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती नवं औषध घेऊन घरी आली आणि फवारायच्या आधी, सवयीप्रमाणे, पानं उलटी करून बघू लागली. तेव्हा तिला ते दिसलं. पानाच्या पाठीवर केसासारखे बारीक पांढरे दोरे उभे होते आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला खसखशीहून बारीक, फिकट हिरवा मणी. कुणीतरी मुद्दाम टोचून ठेवल्यासारखे. फुंकर घातली की दोरे डुलायचे, पण तुटायचे नाहीत. पुढच्या झाडावर तेच. त्याच्या पुढच्यावरही. आणि हे सगळं पडद्यालगतच्या ओळीत, दुसरीकडे कुठेच नाही.

"अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "इकडे या. हे बघा काय आहे."

नवऱ्यानं पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, खूप वेळ पाहिलं. "असेल काहीतरी," तो म्हणाला.

"असेल काहीतरी म्हणजे? हे आपोआप येतं का? आणि याच ओळीत?"

"बघतो," असं म्हणून तो पाण्याच्या टाकीकडे निघून गेला.

ती पान घेऊन औषधवाल्याकडे गेली. त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "बुरशी असावी," तो म्हणाला आणि लगेच फडताळाकडे वळला. तो बाटली काढेपर्यंत थोरली दुकानाबाहेर पडली होती. ज्या माणसाला रोग कळायच्या आधी औषध सुचतं त्याच्यावर विश्वास ठेवण्यातली ती नव्हती.

तिनं ते पान एका काचेच्या बरणीत ठेवलं, बरणीच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली. धाकटीनं काय सोडलंय ते निदान कळू तरी दे, पुरावा हातात येऊ दे, मग बघते, असा तिचा बेत होता.

काही दिवसांत मणी करडे झाले आणि एका सकाळी त्यांतून जीव बाहेर पडले. ती अंडी होती. राखाडी, केसाळ पिल्लं दोऱ्याच्या टोकाशी थोडा वेळ बसून राहिली आणि मग एकेक दोऱ्यावरून खाली उतरली. खाली उतरलेल्यांपैकी एकानं उरलेल्यांकडे मोर्चा वळवला. त्याच्या तोंडाला पुढे दोन वाकडे सुळे होते, विळ्याच्या पात्यासारखे. त्यानं ते शेजारच्याच्या अंगात खुपसले आणि तो निपचित होईपर्यंत सोडले नाहीत. मग पुढचा. थोरली हातातली किटली तशीच धरून बघत राहिली. जे अजून दोऱ्यांवर होते तेवढेच त्याच्या तावडीतून वाचले. आईनं प्रत्येकाला वेगळ्या दोऱ्यावर टांगून का ठेवलं होतं, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. एका पानावर ठेवली असती तर जो पहिला जन्मला त्यानं बाकीच्यांना जन्मूच दिलं नसतं.

"सख्ख्या भावंडांना खातात हो," तिनं जेवताना नवऱ्याला सांगितलं. "असली अवलाद सोडलीय तिनं माझ्या झाडांवर."

"तिनं सोडली कशावरून?" तो ताटातून मान वर न करता म्हणाला.

"मग कुणी? मी?"

नवरा पाणी प्यायला.

संध्याकाळी तिनं बरणीत माव्यानं भरलेली एक फांदी टाकली. पिल्लं माव्याला घाबरतात की माव्याशी हातमिळवणी करतात, तेवढं तिला बघायचं होतं. पिल्लांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. एकेका माव्याला सुळ्यांवर उचलून धरलं, आतला सगळा रस शोषून घेतला आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. पोकळ झालेलं ते साल मान मागे वळवून स्वतःच्या पाठीवर ठेवलं. पाठीवर आकड्यांसारखे केस होते, त्यांत ते अडकून बसलं. दुसऱ्या माव्याचं साल त्यावर. मग पानाचा भुगा, मग कसलीशी कात. दोन-तीन दिवसांत एकही पिल्लू दिसेना. फांदीवर फक्त कचऱ्याचे बारके ढीग होते आणि ते ढीग चालत होते.

थोरलीनं तेही तपासून बघितलं. काचघरातून चार मुंग्या आणून बरणीत सोडल्या. मुंगी कचऱ्याच्या ढिगापाशी आली, तिनं मिशांनी त्याला चाचपलं, तिला माव्याचाच स्पर्श लागला असावा, आणि ती शांतपणे पुढे निघून गेली. ती वळताच ढिगाखालून सुळे निघाले आणि शेजारचा मावा उचलला गेला.

"काय हा कावेबाजपणा!" थोरली खिडकीशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली. "ज्याला खायचं त्याचंच कातडं पांघरायचं आणि राखणदाराच्या नाकासमोरून आत शिरायचं." तिला ते बघताना धाकटीची आठवण होत होती, पण एक गोष्ट तिलाही नाकारता येईना. फांदीवरचा मावा संपला होता.

म्हणजे हा किडा गुलाबाचं नाही, माव्याचं खातो. मग धाकटी आपल्या झाडांवर फायद्याची गोष्ट कशाला सोडेल? इथे थोरलीचा संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. वाईट केलं असतं तर हिशेब सरळ होता. कुणी न सांगता चांगलं करतं तेव्हा त्याच्या मागे काय असतं? आज मावा खाईल, उद्या मावा संपल्यावर काय खाईल? कळ्या?

तिनं सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. आधी पडदा तपासला. वरपासून खालपर्यंत हात फिरवत गेली, शिवणीवरून फिरवायची तसा. प्लास्टिक कुठे फाटलेलं नव्हतं. शेवटच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती आणि तिच्यामागून नळी पलीकडे जात होती. तिथं हात पोचेना.

"टाकीमागं मी बघितलंय," नवरा म्हणाला. "नळीपुरतं भोक आहे."

तो म्हणाला म्हणजे तसंच, म्हणून ती मागे फिरली. मग तिनं दाराच्या कडीला बारीक काळा दोरा बांधून ठेवला, कुणी दार उघडलं तर तुटावा म्हणून. पडद्यालगतच्या वाटेवर चाळणीनं पिठाचा पातळ थर पसरला. सकाळी दोरा शाबूत होता. पिठात पावलं होती, पण ती नवऱ्याच्या चपलांची. टाचेचा तुकडा गेलेली ती चप्पल तिनं कुठेही ओळखली असती. पहाटे पाणी सोडायला तोच जातो. तिनं ती पावलं झाडूनं पुसली आणि पुन्हा पीठ पसरलं. पुढच्या दिवशी पुन्हा तीच पावलं.

"तुम्ही माझं सगळं पीठ तुडवताय," ती त्याला म्हणाली. "त्यात तिची पावलं कशी दिसायची मला?"

"मी कडेनं जाईन," तो म्हणाला. आणि पानांवर दोऱ्यांची आणखी अंडी दिसतच राहिली.

शेवटी तिनं इतक्या वर्षांचा अबोला मोडला. पलीकडे कात्रीचा आवाज येत होता. ती पडद्याशी गेली आणि सावलीला उद्देशून म्हणाली, "ऐकलंस का गं?"

कात्री थांबली. "बोला, जाऊबाई."

"माझ्या बाजूला किडे कोण सोडतंय?"

सावली पडद्याजवळ सरकली. मग धाकटी म्हणाली, "मी तुमच्या बाजूला पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. शपथ घेऊन सांगते."

"पाऊल टाकलंस का असं मी विचारलंच नाही."

"मग मी काय सांगू?"

"जे विचारलं ते."

पण कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. थोरली परत फिरली. शर्ट तपासताना कधीकधी टाका तुटलेला नसतो, नुसता सैल असतो. बोटाखालून जाताना तो कळतो. धाकटीच्या वाक्यात तसाच सैल टाका होता. ती खोटं बोलत नव्हती, पण खरंही सांगत नव्हती.

त्या दिवशी जेवताना थोरलीनं जाहीर केलं, "उद्या सकाळी ते जहाल औषध फवारणार आहे. मावा मरेल, किडेही मरतील. कुणी सोडले न् कशाला सोडले, कटकटच नको."

नवऱ्यानं घास हातात थांबवला. "अगं, थांब दोन दिवस," तो म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. "थांब" हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवेना. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो भात कालवत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"का?" तिनं विचारलं.

"ऊन फार आहे."

"बरं," ती म्हणाली.

ती ताटं घासायला बसली. पिठातली ती पावलं तिच्या डोळ्यांसमोर आली. ती रोज पुसून टाकत होती ती पावलं. टाकीमागचं भोक. "तिनं सोडली कशावरून?" सगळे सैल टाके एका माणसाच्या बाजूचे होते आणि तिनं तो शर्ट आजवर उलटाच केला नव्हता. मग त्याहून वाईट विचार आला. धाकटी एकटी बाई. हा मुकाट माणूस. दोघं पडद्याच्या दोन बाजूंना, वर्षानुवर्षं. तो विचार तिनं जितका दूर लोटला तितका तो जवळ सरकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पिशवी घेतली, चपला घातल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "बहिणीकडे जाऊन येते. संध्याकाळ होईल."

"सावकाश ये," तो म्हणाला.

ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळणावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थोडा वेळ उभी राहिली आणि मागच्या वाटेनं परत आली. चपला दाराबाहेर काढल्या. काचघर दुपारच्या उन्हानं नुसतं तापलं होतं. गुलाबांच्या ओळीआडून ती वाकत वाकत गेली, आणि तिनं पाहिलं.

टाकी थोडी पुढे सरकवलेली होती. नवरा गुडघ्यांवर बसला होता. नळीच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक हातभर कापलेलं होतं आणि त्यातून पलीकडून एक हात बाहेर आला होता. हातात एक छाटलेली फांदी होती, तिच्यावर कचऱ्याचे बारके ढीग सरकत होते. नवरा ती फांदी दोन्ही हातांनी अशी घेत होता, जणू झोपलेलं बाळ घेतोय.

"पुठ्ठ्यावर ठेवा, दादा," पलीकडून धाकटीचा आवाज आला. "अन् लांब लांब सोडा, नाहीतर एकमेकांना खातील."

"हो," नवरा म्हणाला.

"जाऊबाई फवारणार आहेत म्हणता, मग आजच्यानं काय होणार?"

"बघतो."

"काय बघता?" थोरली म्हणाली.

फांदी त्याच्या हातातून पडली. पलीकडचा हात झर्रकन आत गेला. नवरा उठायचा प्रयत्न करत टाकीला धरून अर्धवट उभा राहिला. तिच्या मनातला तो वाईट विचार मात्र तिथल्या तिथे विरून गेला. चोरून भेटणारी माणसं किड्यांबद्दल असं बोलत नाहीत, एवढं तिला कळत होतं. पण त्यानं राग कमी झाला नाही.

"किती दिवस चाललंय?"

"उन्हाळा लागल्यापासून," तो म्हणाला.

"आणि मी पीठ पसरत होते. रोज चाळून. तुम्ही त्यावरून चालत जात होतात, आणि घरी येऊन मला 'कडेनं जाईन' म्हणत होतात."

तो पडलेली फांदी उचलायला वाकला.

"आणखी काय आहे? आज एकदाच सगळं सांगा. मला पुन्हा पुन्हा शोधायला लावू नका."

नवऱ्यानं खाली बघितलं. मग तो म्हणाला, "काळ्या गुलाबाची फांदी मीच दिली होती. भावाला. त्यानं मागितली होती. बाबांची आठवण म्हणून. तुला सांगायला पाहिजे होतं."

थोरली जवळच्या पालथ्या कुंडीवर बसली. इतकी वर्षं तिनं जो राग जपला होता तो भलत्याच पत्त्यावर पोचवला होता. धाकटीनं तो मुकाट्यानं ठेवून घेतला होता आणि खरा धनी रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

"तुला माहीत होतं?" तिनं पडद्याकडे बघून विचारलं.

"होतं," धाकटी म्हणाली. "यांनी शपथ घातली होती, दादांना घरात त्रास नको म्हणून. पुढे हे गेले. मग शपथ मोडवेना."

त्यानंतर थोरली नवऱ्याशी बरेच दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, आणि खोलीतून निघून जायची. तो घरी आला की ती त्याच्या चपलांकडे बघायची. "हो" म्हणाला तर कशाला हो म्हणाला, "बघतो" म्हणाला तर काय बघणार आहे, याचा ती विचार करत बसायची. संशय घेण्यात तिची हयात गेली होती, पण ज्याच्यावर कधी घेतला नाही त्याच्यावर घ्यायची वेळ येते तेव्हा त्याचं ओझं वेगळंच असतं. तिची झोप उडाली. बहिणीनं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. घरात एक माणूस नवीन आलाय, त्याची ओळख करून घेतेय."

औषध मात्र तिनं फवारलं नाही. बाटली तशीच परत नेऊन दिली. माणसांनी केलं त्यात किड्यांचा काय दोष, असं तिचं म्हणणं. बरणीत त्यांचं खाणंपिणं तिनं स्वतः पाहिलं होतं आणि जे स्वतः पाहिलं ते ती मानायची.

एका सकाळी ती काचघराला वळसा घालून पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली. दीर गेल्यानंतर पहिल्यांदाच. धाकटी कळ्या छाटत होती. ती दचकली, पण तिनं स्टूल पुढे केलं. थोरली बसली नाही.

"एकच विचारायला आले," ती म्हणाली. "मी तुझ्याशी बोलत नव्हते. तुला चोर म्हणत होते. मग माझी झाडं वाचवायची तुला कसली पडली होती? आणि उगाच गोड बोलू नकोस."

धाकटीनं कात्री खाली ठेवली. "गोड कशाला बोलू? मला तुमची दया-बिया काही आली नव्हती, जाऊबाई. माझ्या भावाच्या बागेत हे जाळीपंखी आहेत. तिथून आणून मी माझ्या झाडांवर सोडले, मावा आटोक्यात आला. पण तुमच्याकडे मावा माजलेला. त्याला पंख फुटले की वरच्या झरोक्यातून तो माझ्याकडे. आणि तुम्ही फवारलं की त्या वासानं माझे किडे मरायचे. तुमची बाजू साफ झाल्याशिवाय माझी साफ राहणार नव्हती. म्हणून दादांकडून आधी पंखवाले सोडले, त्यांनीच तुमच्या पानांवर अंडी घातली, मग पिल्लंही दिली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम फवारलं असतं."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. तिनं हे बोलणं मनातल्या मनात उलटं केलं, शिवण तपासली. एकही टाका सैल नव्हता.

"फवारलं असतं," ती म्हणाली.

"तेच तर."

थोरली स्टुलावर बसली.

तिनं पुढे बहिणीला सांगितलं की त्या दिवशी धाकटी जर "जाऊबाई, तुमचं भलं व्हावं म्हणून केलं" असं म्हणाली असती, तर ती आल्या पावली परत गेली असती आणि पुन्हा कधी त्या दारात पाऊल टाकलं नसतं. माणसाला स्वतःचं काय हवंय ते एकदा कळलं की त्याच्याशी वागता येतं, असं तिचं मत. नवऱ्याला काय हवं होतं हेच तिला इतकी वर्षं कळलं नव्हतं. त्याला फक्त घरात शांतता हवी होती आणि त्यापायी तो दोन्हीकडे गप्प राहिला होता. हे लक्षात आल्यावर ती हळूहळू त्याच्याशी बोलायला लागली. पण "बघतो" हा शब्द तिनं घरातून बंद केला. "काय बघणार, कधी बघणार, ते सांगा," ती म्हणायची, आणि बिचारा सांगायचा.

पडदा काढला नाही. दोघींपैकी कुणालाही तो काढावासा वाटला नाही. पण टाकीमागचं भोक मोठं करून तिथं नवऱ्याकडून लाकडी चौकटीची खिडकी बसवून घेतली. फांद्यांची देवाणघेवाण आता दिवसाउजेडी व्हायची. थोरली येणारी प्रत्येक फांदी उलटीसुलटी करून बघायची आणि धाकटी पलीकडून म्हणायची, "झाली का तपासणी? हात दुखतोय माझा."

त्या उन्हाळ्याच्या शेवटी दोघींनी एक जाळीपंखी कोशातून बाहेर पडताना पाहिला. कोश वाटाण्याहून लहान, गोल, त्यावरही कचरा पांघरलेला. त्याचं वरचं झाकण गोल कापल्यासारखं उघडलं, आतून एक चुरगळलेला जीव निघाला, रखडत काटकीवर चढला आणि लटकून राहिला. मग पंख उलगडू लागले. सगळा कचरा मागे कोशावर राहिला होता. अंग फिकट हिरवं, पंख जाळीच्या कापडासारखे पारदर्शक, डोळे सोन्याच्या टिकलीसारखे.

"हा तोच?" थोरलीनं विचारलं. "भावंडं खाणारा?"

"तोच. आता बहुतेक परागावर आणि गोड रसावर जगेल."

थोरलीनं त्याला चिमटीत धरलं. लगेच नाक मुरडून सोडून दिलं. "शी! केवढा घाण वास!"

"धरू नये त्याला. धरलं की सोडतो."

"आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं कुठे?" धाकटी म्हणाली.

जाळीपंखी संथ, अडखळत उडत वरच्या काचेकडे गेला. थोरली बोटं हुंगत त्याच्याकडे बघत राहिली.

दोन वर्षांनी धाकटीच्या लेकीला मूल झालं आणि तिला महिनाभर लेकीकडे जावं लागलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ती स्वतः थोरलीच्या स्वयंपाकघरात आली आणि आपल्या बाजूच्या दाराची किल्ली तिनं ओट्यावर ठेवली.

थोरलीनं किल्लीला हात लावला नाही. "मलाच का?" तिनं विचारलं. "तुझा भाऊ आहे की."

"भाऊ पाणी घालेल. पण पानं उलटी करून कोण बघणार?"

थोरलीनं थोडा विचार केला. मग हात पुसले, किल्ली उचलली, उजेडात धरून नीट बघितली आणि म्हणाली, "चल. कुलूप कसं उघडतं ते माझ्यासमोर एकदा उघडून दाखव."